डोक्यात साठलेला माल

जालन्यात लोखंडाबद्दल कुणी वाईट बोलत नाही. पाण्याबद्दल बोलतात, रस्त्यांबद्दल बोलतात, एकमेकांबद्दल तर बोलतातच. पण लोखंडाचं नाव आदरानं घेतात. अर्ध्या शहराची चूल एमआयडीसीतल्या भट्ट्यांवर पेटते. त्यामुळे पुंजाराम शेजुळांच्या मेंदूत लोखंड साठलंय, असं त्यांच्या प्राध्यापक मुलानं घरात जाहीर केलं, तेव्हा पुंजारामांना पहिल्यांदा जे वाटलं ते दुःख नव्हतं. ज्याची आयुष्यभर चाकरी केली ते म्हातारपणी आपल्याकडेच राहायला आलं, असं काहीतरी वाटलं.

पुंजाराम मूळचे राजूरकडचे. तरुणपणी जालन्याला आले, एका रोलिंग मिलच्या यार्डात लागले आणि भंगाराची पारख करता करता निवृत्त झाले. ट्रक यार्डात शिरला की पुंजाराम दोरीला बांधलेलं चुंबक घेऊन मालावर चढायचे. इथं लावून बघ, तिथं लावून बघ. ते ‘घ्या’ म्हणाले की ट्रक रिकामा व्हायचा. नाही म्हणाले की आल्या वाटेनं परत. मालक बदलले, मॅनेजर बदलले, पुंजारामांच्या ‘घ्या’ला कुणी हात लावला नाही. चुंबक खोटं बोलत नाही, एवढं एकच तत्त्वज्ञान त्यांच्यापाशी होतं, आणि ते त्यांना पुरत होतं.

निवृत्तीनंतर वर्षभरात त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा बोटांवर फिरायला लागला. जपमाळ ओढल्यासारखा. गल्लीत कौतुक झालं, माणूस नामस्मरणाला लागला म्हणून. पुंजारामांनी ते कौतुक नाकारलं नाही, कारण खरं कारण त्यांनाही माहीत नव्हतं. मग हात हलायला लागला. वजनकाट्यासमोरच्या टपरीवर जुन्या सोबत्यांत बसून चहा घेताना बशी वाजायला लागली. एक दिवस मिलमधल्या नव्या सुपरवायझरनं हसत विचारलं, “काका, सकाळी सकाळीच?” पुंजारामांनी उभ्या आयुष्यात दारूला हात लावला नव्हता. त्यांनी कप खाली ठेवला आणि टपरीवर जाणं बंद केलं. घरी सांगितलं की चहानं पित्त होतं. उजवा हात तेव्हापासून खिशात राहायला लागला. जेवायलासुद्धा ते सगळ्यांचं झाल्यावर, भिंतीकडे तोंड करून बसायचे.

बायको सोनूबाई राजूरच्या गणपतीला चतुर्थी बोलल्या. मुलगा हरिओम यावर हसला आणि वडलांना संभाजीनगरला मेंदूच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. हसणं सोडलं तर बाकी बरोबरच केलं.

डॉक्टरांनी हात हलवून बघितला, चालायला लावलं, वळायला लावलं, आणि पार्किन्सन म्हणून सांगितलं. मेंदूच्या एका भागातल्या पेशी कमी होतात, त्या जे रसायन बनवतात ते कमी पडतं, गोळीनं ते भरून निघतं, गोळी वेळेवर घ्यायची. निघता निघता हरिओमनं विचारलं, असं का होतं, सर? डॉक्टर हात धूत होते. ते म्हणाले, कारणं पुष्कळ सांगतात, त्या भागात लोखंडसुद्धा जास्त सापडतं. नळ बंद झाला, पुढचा पेशंट आला.

हरिओमनं तेवढं एक वाक्य उचललं. तो जालन्यातल्या कॉलेजात अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवायचा आणि सोपं करून सांगणारे सर म्हणून त्याचं नाव होतं. कुठलाही अवघड विषय त्याच्या हातात दिला की त्याला बैलगाडी, विहीर नाहीतर लग्नाची वरात जोडून तो तुमच्या हातात परत द्यायचा. मुलांना उदाहरण लक्षात राहायचं. विषयाचं काय व्हायचं ते परीक्षेत कळायचं.

त्यानं इंटरनेटवर मेंदूतल्या लोखंडावर मिळेल ते वाचलं आणि पुढच्या रविवारी चंदनझिऱ्याच्या घरात बैठकीच्या खोलीत पाठ घेतला. समोर पुंजाराम, सोनूबाई, हरिओमची बायको शीतल आणि भेटायला आलेलं एक जोडपं: मुबारक आणि रहिमुन्निसा. मुबारक हा पुंजारामांचा यार्डातला सोबती. पुंजाराम माल पास करायचे आणि मुबारक क्रेनच्या केबिनमध्ये बसून मोठं चुंबक खाली सोडून तो उचलायचा. रहिमुन्निसाला हाच आजार आधीपासून होता. तिच्या गोळ्या चालू होत्या, गोळ्यांनी तिला मळमळायचं, आणि या विषयावर आपल्याला कुणीतरी काहीतरी समजावून सांगतंय ही गोष्ट तिच्या बाबतीत पहिल्यांदाच घडत होती.

“आबा, समजा हे तुमचं यार्ड,” हरिओम म्हणाला. “माल येतोय. येतोय. येतच राहिलाय. आणि उचलणारं कुणी नाही. काय होणार?”

“ढीग,” मुबारक म्हणाला.

“बरोबर, चाचा. ढीग होणार, मग तो गंजणार. त्या गंजानं शेजारच्या पेशी मरतात. मेंदूत हेच होतंय.”

खोलीत शांतता पसरली. कॉलेजात अशी शांतता हरिओमला कधी मिळाली नव्हती. पुंजारामांनी एकच प्रश्न विचारला. “मंग तो माल उचलता येतो का?”

खरं तर या प्रश्नाचं उत्तर हरिओमनं वाचलेलं होतं. लोखंड बाहेर काढणारं एक औषध रोग्यांना देऊन बघितलं होतं. मेंदूच्या चित्रात लोखंड कमी झालेलं दिसलं, आणि माणसांची तब्येत औषध नसलेली खोटी गोळी दिलेल्यांपेक्षा जास्त बिघडली. हे त्यानं वाचलं होतं, वाचून त्याला जरा वाईटही वाटलं होतं, कारण यार्डाचं उदाहरण तोवर फार छान जमलं होतं. तेवढ्यासाठी ते मोडायला त्याचा जीव होईना. शिवाय पाचही माणसं त्याच्याकडे बघत होती.

“त्यावर जगभर काम चालू आहे,” तो म्हणाला. “आज ना उद्या उचलतील.”

रहिमुन्निसानं त्याच्या डोक्यावरून हात फिरवण्यासाठी हात वर केला. तो तिथपर्यंत पोचायला वेळ लागला. हरिओमनं मान खाली करून वाट बघितली.

जगाचं काम चालू असेपर्यंत थांबायची दोन्ही निवृत्त माणसांची तयारी नव्हती. दुसऱ्याच दिवशी ओट्यावर बसून त्यांनी विषय हातात घेतला. मुबारकचं म्हणणं पडलं की जगानं क्रेन बघितलेली दिसत नाही. पुंजारामांनी त्याला यार्डातल्या साध्या गोष्टीची आठवण करून दिली: मातीखाली गाडलं गेलेलं लोखंडसुद्धा क्रेनचं चुंबक शोधून काढायचं, मधे गोणपाट असो, चिखल असो, टिनपत्रा असो.

“आन् कवटी किती जाड असती?” पुंजाराम म्हणाले. “नारळायवढी. लयच झालं तर.”

“तुझी जरा जास्त आसंल,” मुबारक म्हणाला. “पन होऊन जाईल.”

हे अंधश्रद्धेत बसत नव्हतं, कारण यात मंत्र नव्हता, भगत नव्हता, लिंबू नव्हता. पुंजाराम कधी कुठल्या बाबाकडे गेलेले नव्हते आणि त्याचा त्यांना अभिमान होता. इथं शुद्ध अनुभव होता. मुबारकनं ओळखीच्या भंगारवाल्याकडून जुन्या कॉम्प्युटरमधली चुंबकं आणली. नखाएवढी, पण दोन एकत्र आली तर मधे आलेल्या बोटाची कातडी पकडणारी. सोनूबाईंनी ती पुंजारामांच्या पांढऱ्या टोपीच्या घडीत शिवली. नवरा आयुष्यात पहिल्यांदाच काहीतरी शिवून मागत होता, त्यामुळे त्यांनी जास्त विचारलं नाही. रहिमुन्निसाची चुंबकं ओढणीच्या आत बांधायच्या रुमालात गेली.

हरिओमला यातलं काही सांगायचं नाही असं ठरलं. पुंजारामांना संकोच वाटत होता. मुलगा शिकलेला, तो हसेल. एकदा हात थांबला की सांगू, म्हणाले.

आणि हात थांबला.

डॉक्टरांची पिवळी गोळी याच सुमाराला सुरू झाली होती, पण तिच्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. गोळी पोटात जाते, आजार डोक्यात, टोपी डोक्यावर; श्रेय कुणाला जायचं हे उघड होतं. हाताचं थरथरणं कमी झालं, वळताना अडखळणं गेलं. पुंजाराम टपरीवर गेले. सगळ्यांदेखत बशीत चहा ओतून प्यायले, आणि त्या सुपरवायझरला मुद्दाम हाक मारून बोलावलं. बोलले काहीच नाहीत, नुसती बशी हातात धरून दाखवली. त्याला ती गोष्ट आठवतही नव्हती.

आता टोपीनं काम होत असेल तर गोळी कशाला? पुंजारामांनाही मळमळायचं. आधी त्यांनी दुपारची सोडली, मग बाकीच्या. सोनूबाई गोळी हातावर ठेवायच्या, ते तोंडात टाकून पाणी प्यायचे आणि मोरीत जाऊन थुंकायचे. रहिमुन्निसाला त्यांनीच सांगितलं, भाभी, ह्या गोळ्या उगंच पोट बिघडवून राह्यल्या, मी तर सोडल्या. ती जरा घाबरली तेव्हा त्यांनी हुकमी पान टाकलं: हरिओमनंच सांगितलंय, माल उचलला की झालं. मग तिनंही सोडल्या. प्रोफेसरच्या शब्दाला या घरांत तेवढी किंमत होती.

महिनाभर बरं चाललं असं त्यांना वाटलं, म्हणजे बिघाड हळूहळू होत होता. हात परत हलायला लागला, मग पाय जड झाले, मग उंबऱ्यापाशी येऊन पुंजाराम थांबायला लागले. पाऊल उचलायचं मनात असायचं आणि पाय फरशीला चिकटलेले. पुंजारामांनी निदान केलं की माल जास्त आहे, चुंबक कमी पडतंय. सोनूबाईंनी आणखी शिवली. टोपी इतकी जड झाली की मान पुढं झुकली. शीतलला एकदा टोपीवर सुई उभी दिसली. तिनं विचारलं, “मामा, हे काय?” पुंजाराम म्हणाले, सुई हाय. ते खरंच होतं, त्यामुळे ती पुढं काही विचारू शकली नाही.

हरिओमचं निदान वेगळं होतं. आजार झपाट्यानं वाढतोय. तो वडलांना परत डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी पुंजारामांकडे बघून विचारलं, गोळ्या वेळेवर घेता ना?

“एकदम वेळेवर, सर,” हरिओम म्हणाला.

पुंजाराम फरशीकडे बघत होते. त्यांचा उजवा हात खिशात होता आणि खिसा हलत होता. तिथं सांगायला हवं होतं, हे त्यांना कळत होतं. पण आता मुलानं शब्द देऊन टाकला होता, आणि डॉक्टरसमोर मुलाला खोटं पाडणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं. डॉक्टर कोड्यात पडले. इतक्या लवकर असं व्हायला नको, म्हणाले, एमआरआय करून दुसरं काही आहे का बघू. हरिओमनं मान पुढं करून विचारलं की त्यात लोखंड दिसेल असंही काही करता येतं का, त्यानं त्याबद्दल वाचलं होतं. डॉक्टरांनी त्याच्याकडे जरा वेळ बघितलं आणि लिहून दिलं.

एमआरआय सेंटरच्या बाहेरच्या खोलीत खुर्च्यांवर माणसं बसलेली होती. पांढरा कोट घातलेली मुलगी एकेकाला आत बोलावण्याआधी अंगावरचं धातूचं सगळं काढून स्टीलच्या ट्रेमध्ये ठेवायला लावत होती. पुंजारामांनी घड्याळ काढलं, किल्ली काढली, करदोड्यातली चांदीची पेटी काढली.

“आणि टोपी, काका,” ती म्हणाली.

“टोपी कापडाची हाय.”

“असू द्या. आत टोपी नाही चालत.”

पुंजाराम हलले नाहीत. हरिओमनं समजावलं. आबा, आत मोठं चुंबक आहे. पुंजारामांनी मान वर केली. किती मोठं, त्यांनी विचारलं. तुमच्या क्रेनपेक्षा मोठं, हरिओम म्हणाला. पुंजारामांच्या चेहऱ्यावर या आजारानं भाव फारसे उमटत नसत, पण तेव्हा काहीतरी उमटलं. म्हणजे डॉक्टर लोकसुद्धा चुंबकच वापरतात. फक्त खोलीत, दार लावून. एका क्षणासाठी त्यांना फार मोठा आधार वाटला. पण टोपी उतरवली तर सगळं सगळ्यांसमोर येणार होतं. त्यांनी आधी हात फिरवून शिवण चाचपली, मग दोन्ही हातांनी टोपी गच्च धरली.

“ऱ्हाऊ द्या मंग. जाऊ घरी,” ते म्हणाले.

मागच्या खुर्चीवरचा एक माणूस हसला. मुलीनं घड्याळाकडे बघितलं. हरिओमच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. वर्गात एखादं पोरगं उत्तर देत नाही आणि बाकीचे हसतात तेव्हा व्हायच्या तशाच.

“आबा, अडाण्यासारखं करू नका,” तो म्हणाला. मोठ्यानं म्हणाला. आणि हात वर करून त्यानं वडलांच्या डोक्यावरची टोपी काढली.

आपल्याकडे बापाशी भांडतात, वाटण्या मागतात, बोलणं सोडतात. बापाच्या डोक्यावरच्या टोपीला मुलगा हात लावत नाही. हसणारा माणूससुद्धा हसायचा थांबला. हरिओमला हातातलं वजन जाणवलं, पण त्याचा अर्थ लागायच्या आत त्यानं टोपी ट्रेमध्ये ठेवायला हात खाली नेला. टोपी त्याच्या हातातून सुटली आणि खाडकन ट्रेला चिकटली. किल्लीही सरकत येऊन तिला चिकटली. हरिओमनं टोपी उचलली तर ट्रे सोबत आला. त्यानं झटकलं तरी ट्रे सुटेना. चांदीची पेटी आणि घड्याळ फरशीवर पडलं.

मुलीनं ट्रे त्याच्या हातातून घेतला, टेबलावर ठेवला आणि टोपीची शिवण उसवून एकेक चुंबक चिमटीनं बाहेर काढायला लागली. “काका, हे घालून तुम्ही आत गेला असता तर…” एवढंच म्हणाली.

पुंजाराम उघड्या डोक्यानं उभे होते. कपाळावर टोपीच्या काठाचा लाल वळ उठला होता. त्यांनी दोन्ही हात डोक्यावर ठेवले होते, पाऊस आल्यावर ठेवतात तसे, आणि उजवा हात तिथं सगळ्यांसमोर हलत होता. एवढे महिने जो हात त्यांनी खिशात ठेवला होता, तोच.

“हे काय आहे, आबा?”

“क्रेन,” पुंजाराम म्हणाले.

हरिओम फरशीवर पडलेलं घड्याळ उचलायला वाकला.

“तूच म्हनला होता ना. माल साठलाय. उचलनारं कुनी न्हाई.”

“ते मी उदाहरण दिलं होतं.”

“मला काय माहीत उदाहरन हाय,” पुंजाराम हळू म्हणाले. “मला वाटलं, आजार सांगून राह्यला.”

पुढचं कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून निघालं. गोळ्यांचं निघालं, मोरीचं निघालं. आणि सगळ्यात शेवटी, हरिओमकडे न बघता, पुंजारामांनी सांगितलं की रहिमुन्निसा भाभीच्याही गोळ्या बंद आहेत. आपणच बंद करायला लावल्या. ती आठ-पंधरा दिवस झाले दारापर्यंत आलेली नाही, आणि मुबारक तिला भरवतो.

सेंटरवाल्या मुलीनं डॉक्टरांना फोन लावून तो हरिओमच्या हातात दिला. डॉक्टरांनी तपासणी रद्द करायला सांगितलं, आज संध्याकाळपासून गोळी पुन्हा कशी सुरू करायची, कमी मात्रेपासून कसं वाढवत न्यायचं ते सांगितलं. ओरडले नाहीत. फोन ठेवताना एवढंच विचारलं, “तुम्ही शिकवता ना, सर?” हरिओम हो म्हणाला. त्याला आयुष्यात प्रथमच ते कबूल केल्यासारखं वाटलं.

परतीच्या वाटेवर पुंजारामांच्या डोक्यावर गाडीतला टॉवेल होता. उसवलेली टोपी त्यांनी खिशात घातली होती. हरिओम गाडी चालवत बोलत होता, समोर बघून. या वेळी त्यानं कुठलंही उदाहरण घेतलं नाही, आणि त्यामुळे त्याला फार अवघड गेलं. लोखंड सगळ्यांच्याच मेंदूत असतं. ते लागतंच. ज्या रसायनाची कमी पडते ते बनवायलासुद्धा लोखंड लागतं. ते काही तुकड्यांनी पडलेलं नसतं, पेशींच्या आत असतं, चुंबकानं जागचं हलत नाही. आजारात एका जागी जास्त दिसतं, पण त्यामुळे आजार होतो की आजारामुळे ते साठतं, हे अजून पक्कं ठरलेलं नाही. एका औषधानं ते काढून बघितलं, तर माणसं जास्त बिघडली.

“हे तुला तवाच माहीत होतं?” पुंजाराम म्हणाले. “आमाला सांगितलं त्या दिवशी?”

“हो.”

“मंग?”

हरिओमनं ट्रकला बाजू दिली. बदनापूर आलं, बदनापूर मागं पडलं. “तुम्ही सगळे माझ्याकडे बघत होतात,” तो शेवटी म्हणाला.

पुंजारामांनी टॉवेल डोळ्यांवर जरा खाली ओढला. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते खिडकीबाहेर बघत राहिले आणि जालना दिसायला लागल्यावर म्हणाले, घरी नको, आधी मुबारककडं.

मुबारकचं घर जुन्या जालन्यात, धान्याच्या दुकानांमागच्या गल्लीत. गाडी आत जात नाही. दोघं चालत निघाले. गोण्या उतरवणारा हातगाडा मधे आला की पुंजारामांचे पाय थांबायचे आणि हातगाडा गेल्यावरही थांबलेलेच राहायचे. मागून स्कूटरवाले हॉर्न वाजवायचे. हरिओमनं हात पुढं केला. पुंजारामांनी तो धरला नाही. थोड्या वेळानं धरला.

रहिमुन्निसा खुर्चीत होती. चेहरा पार्किन्सनच्या माणसाचा असतो तसा स्थिर, आणि ओढणीखाली रुमालाचा फुगवटा. मुबारकनं दारातूनच मोठ्यानं सांगितलं की प्रोफेसरसाब आलेत, आता तेच बघून सांगतील कुठं काय कमी पडतंय. त्यानं हरिओमसाठी खुर्ची पुसली. त्याच्या सगळ्या हालचालींत एक भरवसा होता, आणि हरिओम त्या पुसलेल्या खुर्चीवर बसला.

ही त्यानं बोलायची जागा होती. वाटेत त्यानं वाक्यही जुळवून ठेवलं होतं. पण मुबारक त्याच्याकडे बघत होता, चाची बघत होती, आणि वाक्य काही केल्या तोंडात येईना.

पुंजाराम बोलले. “भाभी, तो रुमाल काढा. माझ्या कानाचा घोटाळा झाला. पोरानं बराबर सांगितल्तं, मलाच उलटं कळलं. गोळ्या चालू करा. माझी चूक हाय.”

टॉवेल खांद्यावर घसरला होता, तो त्यांनी नीट केला नाही. मुबारक एकदा त्यांच्याकडे, एकदा हरिओमकडे बघत राहिला. वडलांनी हरिओमसाठी केवढी मोठी जागा करून दिली होती, आणि तो तिथं आरामात बसला होता. बाहेर कुणीतरी बाजरीचा भाव सांगत होतं. तो भाव त्यानं पूर्ण ऐकला.

रहिमुन्निसाचा आवाज आजारानं इतका बारीक झाला होता की ऐकायला वाकावं लागायचं. “म्हंजी डोक्यात लोखंड न्हाईच का, बेटा?”

तिनं त्यालाच विचारलं होतं.

“आहे, चाची,” हरिओम म्हणाला. “सगळ्यांच्याच असतं. तुमच्यात एका जागी जास्त असेल. ते काय करतं, मला माहीत नाही. मोठ्या मोठ्यांनाही अजून नीट माहीत नाही. पण काढायला गेलं की बिघडतं, हे मी वाचलं होतं. आबांनी बरोबर ऐकलं. मीच अर्धं सांगितलं.”

मुबारकला काय करावं ते सुचेना. घरी आलेल्या माणसावर अशी वेळ यावी याचंच त्याला अवघडल्यासारखं झालं. त्यानं पुढं होऊन बायकोच्या डोक्यावरचा रुमाल सोडला. ती मान जराशी सरळ करू शकली. “हलकं वाटलं,” ती म्हणाली. कुणाला टोमणा मारायचा तिचा हेतू नव्हता.

तिची गोळ्यांची पिशवी निघाली. मुबारक गोळी फोडायला लागला तेव्हा हरिओमनं त्याला थांबवलं. इतके दिवस बंद होत्या, एकदम पहिल्यासारख्या घ्यायच्या नाहीत, तिच्या डॉक्टरांनाच विचारायचं. त्यानं फोन लावला आणि पलीकडून आवाज आल्यावर तो स्पीकरवर टाकून चाचीच्या तोंडाशी धरला. डॉक्टरांनी विचारलं, गोळ्या का बंद केल्या? रहिमुन्निसा हळूहळू, एकेक शब्द जुळवत सांगायला लागली. यार्डाचं, मालाचं, क्रेनचं सगळं सांगितलं. प्रोफेसर म्हणाले म्हणूनही सांगितलं. हरिओमनं फोन धरून ठेवला. मधे एकदाही तो बोलला नाही.

मुबारक त्यांना गल्लीच्या टोकापर्यंत सोडायला निघाला होता, पुंजारामांनी त्याला दारातच थांबवलं. दोघे बापलेक गाडीकडे चालत निघाले. धान्याच्या शेवटच्या दुकानापाशी पुंजाराम म्हणाले,

“मुबारकसमोर असं म्हनायचं न्हाई.”

“काय?”

“माहीत न्हाई, असं. चार मानसांत. मी त्याला सांगून ठेवलंय, माझ्या पोराला सगळं माहीत हाय.” ते थांबले. पायानं थांबवलं का रागानं, ते कळायला मार्ग नव्हता. “माझी अब्रू आज गेली ती गेली. तुझी कशाला घालवली?”

हरिओमला सांगायचं होतं की ती एमआरआयच्या त्या खोलीत, टोपीबरोबरच गेली होती. त्यानं सांगितलं नाही. पुंजारामांचे पाय गटाराच्या पट्टीपाशी चिकटले होते. हरिओम त्यांच्या पुढं जाऊन, त्यांच्याकडे तोंड करून उभा राहिला आणि दोन्ही हात पुढं केले.